इटोशातला हत्तींचा कळप आणि सर

मी टूर मॅनेजर. नामिबियाची सहल हातात आली की माझ्या वहीत पहिली नोंद होते ती शौचालयांची. सिंह कुठे दिसतील ते गाईड बघतो, दोन शौचालयांमधलं अंतर मला बघावं लागतं. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा देश आणि माणसं जेमतेम ३० लाख. विंडहुक सोडलं की ओचिवारोंगो, मग औच्यो, आणि मधे नुसता काटेरी माळ. आपल्याकडे धाब्यावर गाडी थांबवतो तसं इथे चालत नाही.

त्यातून आमचा कार्यक्रम असा, की आधी समुद्रकिनारी स्वाकोपमुंड आणि मग इटोशाचं राष्ट्रीय उद्यान. किनाऱ्यावर बेंगुएलाच्या थंड प्रवाहामुळे सकाळभर धुकं असतं. लोक स्वेटर घालून फिरतात, पाणी फारसं पीत नाहीत. तिथून सप्टेंबरच्या इटोशात आलं की ऊन अंगावर येतं आणि सगळे बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करतात. या धंद्यातले काही जण ज्येष्ठांना सरळ सांगतात, "पाणी कमी प्या." मला याची चीड येते. सत्तरीच्या माणसाला त्या उन्हात तहानलेलं ठेवणं हे गाडी न थांबवण्यापेक्षा कितीतरी घातक आहे.

त्या दिवशी आम्ही इटोशातल्या ओकाउकुएजो या मुक्कामाहून हलाली या पुढच्या मुक्कामाकडे निघालो होतो. अंतर साधारण ७० किलोमीटर, रस्ता पांढऱ्या खडीचा, वेगमर्यादा ६०. शिवाय प्रत्येक पाणवठ्याला गाडी वळते, त्यामुळे अर्धा दिवस सहज जातो. कोरड्या दिवसांत पाणी फक्त पाणवठ्यांवर उरतं, म्हणून झेब्रे, स्प्रिंगबॉक, जिराफ सगळे तिथेच येतात. मुक्कामाची ठिकाणं आणि वाटेवरची कुंपण घातलेली शौचालयं सोडली तर गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, हा तिथला कायदा.

गटात एक निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना सरच म्हणत. वैद्यकीय फॉर्मवर त्यांच्या नावापुढे "काही नाही" असं लिहिलं होतं. त्यांच्या पत्नी, काकू, हळूच पुढे आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, यांना प्रोस्टेटचा त्रास आहे. तुला सांगू नको म्हणत होते. आता अगदी राहवत नाहीये."

पुढचं शौचालय जवळच होतं. पोचलो तर कुंपण एका बाजूने जमिनीवर लोळलेलं, तार वाकलेली आणि दाराच्या तोंडाशी हत्तीची ताजी लीद. गाईडने खिडकीतून नुसतं बोट दाखवलं. पलीकडे गवत माणसाच्या कमरेएवढं आणि सिंहिणीच्या रंगाचं. गाईड उत्तरेकडचा, ओवांबो समाजाचा, या उद्यानाच्या कडेलाच वाढलेला. शांतपणे म्हणाला, "मॅडम, इथे मी कुणालाच उतरू देणार नाही." मी एकदा विनंती केली, मग गप्प बसले. त्याचं बरोबर होतं, आणि मागे सरांचे हात सीटच्या दांडीवर घट्ट आवळलेले मला दिसत होते.

माझ्या बॅगेत अशा वेळेसाठी जेल भरलेल्या पिशव्या असतात. लघवी आत गेली की घट्ट होते, सांडत नाही, वास येत नाही. कंपनी देत नाही, मी स्वतःच्या पैशाने घेते. काकूंच्या हातात एक दिली. सरांनी मान हलवली, "मी थांबतो."

थोडं पुढे गेलो आणि मोपाने झाडांतून हत्ती आले. माद्या, पिल्लं, इटोशाच्या मातीने पांढरटलेली अंगं. कळप रस्त्यावरच रेंगाळला. पिल्लं असताना गाडी रेटता येत नाही, गाईडने इंजिन बंद केलं. सगळी गाडी डाव्या खिडक्यांकडे झुकली. सहलीतलं सगळ्यात सुंदर दृश्य समोर होतं आणि मी मनात म्हणत होते, जा रे बाबांनो, जा.

मग काकूंनी मागच्या उजव्या सीटवर शाल धरली. मी मधल्या वाटेत त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि बोलत सुटले: ती पुढची म्हातारी मादी बघा, कान किती फाटलाय, ते पिल्लू बघा, सोंड कशी वापरायची ते त्याला अजून जमत नाहीये. आवाज थांबला तर कुणीतरी मागे बघेल, एवढंच डोक्यात होतं. कुणी बघितलं नाही.

हलालीच्या वाटेवरचा पुढचा पाणवठा मी वगळायला लावला. त्यावरून दोघांनी मला सुनावलं, "पैसे भरलेत आम्ही." कारण सांगणं शक्य नव्हतं. रात्री जेवायला सर आले नाहीत, खोलीतच बसून राहिले. मी ताट पाठवलं.

सकाळी नामुतोनीला, पुढच्या मुक्कामाला, निघताना ते गाडीच्या दारात थांबले आणि सगळ्यांच्या देखत, वर्गात विचारावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "ताई, पुढचं शौचालय किती किलोमीटरवर?" मी आकडा सांगितला. लगेच मागून एका मावशींनी विचारलं, "आणि त्याच्या पुढचं?" मग आणखी एक-दोघांनी. हे सगळे इतके दिवस काय सोसत बसले होते, ते मला अजून उलगडत नाही.

आता मी आदल्या रात्री ही अंतरं ग्रुपवर टाकते. छापील आयटिनररीतही ती असावीत म्हणून ऑफिसशी भांडते आहे. मार्केटिंगवाल्यांचं म्हणणं, ते वाईट दिसतं. फॉर्मवर "काही नाही" लिहायला लोकांना यांनीच शिकवलंय, असं मी त्यांना परवाच तोंडावर सांगितलं.