हवाईयन झाडांचे शब्द: चौथा महिना

या महिन्यात शब्द वर्णक्रमाने पाठ करणं सोडलं. जुन्या हवाईयन घरात शिरल्यावर जे जे दिसेल, त्या क्रमाने वही नव्याने लावली: छप्पर, अंथरूण, भांडी, दिवा. २१ शब्द पक्के झाले. आधीच्या तीन महिन्यांत मिळूनही एवढे झाले नव्हते.

छपराचा शब्द 'पिली'. लाकडी सांगाड्यावर या गवताच्या पेंढ्या बांधून घर शाकारत, त्या घराला 'हाले पिली' म्हणत. पिली म्हणजे चिकटणं, बिलगणं. शास्त्रीय नाव पाहिलं, हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस, आणि थबकलेच. ही तर आपली कुसळी! डोंगर उतरून आल्यावर मोज्यांतून एकेक कुसळ उपटत बसलेल्या कुणालाही हा शब्द आता पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

अंथरुणासाठी 'हाला', आपल्या केवड्याचा भाऊबंद. पान म्हणजे 'लाउ', म्हणून 'लाउ हाला'. पानांच्या कडांचे आणि मधल्या शिरेचे काटे काढायचे, पान मऊ करायचं, पट्ट्या पाडायच्या आणि मग चटई विणायची. चटई म्हणजे 'मोएना', आणि 'मोए' म्हणजे आडवं होणं, झोपणं. हालाच्या फळाची वाळलेली फाक टोकाला झिजून कुंच्यासारखी होते. सालीपासून केलेल्या कापडावर, म्हणजे 'कापा'वर, रंग द्यायला तीच वापरत.

भांड्यांत 'कोउ' आणि 'मिलो'. मिलो म्हणजे पारस पिंपळ. या लाकडांचा वास-चव अन्नाला लागत नाही, म्हणून वाडगे यांचे. 'कोआ'चं लाकूड देखणं, पण अन्न कडवट करतं. त्याच्या होड्या होत.

दिव्यापाशी माझी एक चूक सापडली. 'कुकुई' मी हवाईच्या मूळ झाडांत लिहिलं होतं. १९५९ साली ते हवाईचं अधिकृत झाड ठरलं हे खरं, पण ते आणलं पॉलिनेशियन दर्यावर्द्यांनी होड्यांतून. आता त्याला वेगळं पान दिलंय. त्याच्या बिया भाजून फोडायच्या, आतले गर नारळाच्या हिरावर ओवायचे आणि वरचा पेटवायचा. एक गर दोन-तीन मिनिटं जळतो, मग ज्योत खालच्याला धरते. कुकुई म्हणजे झाडही आणि दिवाही.

त्याच्या काजळीचा रंग करत. काजळी म्हणजे 'प'उ'. मधला तो थांबा, ओकिना, गिळला तर 'पउ' होतं, म्हणजे संपलं. दोन्ही स्वर लांबवले तर 'पा'ऊ', बायकांचं कमरेचं वस्त्र. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ असल्यामुळे हे तिन्ही नेमके लिहिता येतात, याचा फार आनंद झाला. शब्दाच्या शेवटी मात्र गाडी अडते: 'हल' लिहिलं की आपण हल् वाचतो, म्हणून वर 'हाला' लिहिलंय. यावर कुणी चांगली खूण वापरत असेल तर जरूर सांगा.

पुढच्या महिन्यात दोर: 'ओलोना'. हवाईबाहेर कुठेच न उगवणारं हे झुडूप, आणि मासेमारीची जाळी याच्याच धाग्याची.