सप्ताह, हप्ता आणि सप्टेंबर

श्रावणात परळच्या आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर दोन कागद शेजारी शेजारी लागले होते. एकावर अखंड हरिनाम सप्ताहाचे निमंत्रण होते आणि दुसऱ्यावर दुरुस्ती निधीचा दुसरा हप्ता सप्टेंबरअखेर भरण्याची सूचना. जिना चढता चढता लक्षात आले की सप्ताह, हप्ता आणि सप्टेंबर हे तिन्ही शब्द एकाच कुळातले आहेत आणि आपला रोजचा ‘सात’ही त्यांचाच भाऊबंद आहे.

‘सप्ताह’ आपण संस्कृतातून जसाच्या तसा घेतला. ‘सात’ मात्र पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी झिजत, प्राकृतातल्या ‘सत्त’मधून आपल्यापर्यंत पोचला. जोडाक्षर सुटले की आधीचा स्वर दीर्घ होतो, ही मराठीची नेहमीची चाल असल्यामुळे हत्थचा हात, कम्मचे काम आणि अट्ठचे आठ झाले. सायन कोळीवाड्यातल्या पंजाबी कुटुंबांत मात्र सत्त, अट्ठ, हत्थ, कम्म हेच उच्चार आजही ऐकू येतात. ‘हप्ता’ फारसीतला. इराणी भाषांत जुन्या ‘स’चा ‘ह’ झाला, म्हणून वेदांतल्या सप्तसिंधूंना पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात हप्तहिंदू म्हटले आहे. फारसीत ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा. मराठीत तो ठरावीक मुदतीने भरायच्या रकमेला चिकटला. सप्टेंबरच्या मुळाशी लॅटिनमधला ‘सेप्टेम’ म्हणजे सात आहे, कारण जुन्या रोमन वर्षाचा आरंभ मार्चमध्ये होई.

असे नाते नुसत्या दिसण्यावरून ठरत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ अर्थाने व उच्चाराने इतके जवळ असूनही एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. उलट आपले ‘चाक’ आणि इंग्रजी ‘व्हील’ कानाला परके वाटले तरी एकाच मुळातून निघाले आहेत, आणि ग्रीकमधून आलेली ‘सायकल’ही त्याच घरची आहे. इंग्रजी संस्कृतातून निघाली, असे अभिमानाने सांगणारे मला अनेकदा भेटतात आणि ते ऐकून वाईट वाटते. न्यायाधीश आणि भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एका समान, कदाचित लुप्त झालेल्या भाषेत असावा, असे मांडले होते. म्हणजे संस्कृत त्यांची आई नव्हे, बहीण.

हे सगळे मी शेजारच्या कानडी काकूंना सांगितले, तेव्हा त्यांनी आपल्या सातचे, म्हणजे ‘एळु’चे, नाते विचारले. ते कूळच निराळे, द्राविडी. मग त्यांनी ओंदु, एरडुपासून दहापर्यंत अंक म्हणून दाखवले आणि ‘हत्तु’ ऐकताच मला माटुंग्याच्या बाजारात कानावर पडणारा तमिळ ‘पत्तु’ आठवला. दुधाला तमिळमध्ये ‘पाल’, कानडीत ‘हालु’. वाघाला तिकडे ‘पुलि’, इकडे ‘हुलि’. शब्दारंभीच्या जुन्या ‘प’चा कानडीत ‘ह’ झाला आहे. अशा आणखी जोड्या काकू आता आठवतील तशा वाण्याच्या बिलामागे लिहून ठेवतात.