नव्या बोर्डावर विंडोज ७

डीटीपीचे काम करत होतो त्या काळातले अक्षरजुळणीचे एक सॉफ्टवेअर अजून माझ्याकडे आहे. त्यातल्या फायली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असल्यामुळे त्या उघडायच्या तर तेच सॉफ्टवेअर लागते आणि ते विंडोज ७च्या पुढे चालत नाही. जुना संगणक बंद पडल्यावर मी इंटेलच्या सहाव्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या संगणकावर विंडोज ७ टाकायला बसलो. (व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे नव्या विंडोजच्या आत चालवलेल्या आभासी संगणकात, सॉफ्टवेअरला त्याचे डोंगल, म्हणजे परवान्यासाठी लावावी लागणारी चावी, सापडले नव्हते.)

पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलरचा पहिला पडदा आला आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताच चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) व्यवस्थित चालणारा यूएसबी कीबोर्ड निपचित पडला. बायोस यूएसबी स्वतःच हाताळते. मात्र विंडोजने ताबा घेतला की तिच्याकडे स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, असावा लागतो. २००९च्या विंडोज ७मध्ये यूएसबी ३.०च्या एक्सएचसीआय कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही, आणि २०१५पासूनच्या या चिपसेटमधून (बोर्डावरच्या मुख्य चिपमधून) इंटेलने यूएसबी २.०चा जुना ईएचसीआय कंट्रोलर काढून टाकलेला आहे. माळ्यावरचा गोल पिनेचा पीएस/२ कीबोर्ड जोडून पुढे गेलो, तर सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नसल्याचा संदेश आला. संगणकाला सीडी ड्राइव्हच नव्हता! ज्या पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू झाला, तोच आता त्याला दिसत नव्हता.

उपाय एकच होता: दुसऱ्या संगणकावर डिस्म हे विंडोजच्या इन्स्टॉलेशन फायलींत बदल करणारे साधन वापरून यूएसबीचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्येच घालायचा. यात माझे दोन दिवस गेले, कारण इन्स्टॉलर ज्यातून सुरू होतो त्या बूट.विम या फायलीत दोन प्रतिमा (छोट्या विंडोजच्या दोन स्वतंत्र प्रती) असतात आणि मी ड्रायव्हर फक्त पहिलीत घातला होता. इन्स्टॉलर चालतो तो दुसरीतून. शिवाय प्रत्यक्ष विंडोज जिच्यातून बसते त्या इन्स्टॉल.विममध्येही तो घालावा लागतो, नाहीतर सगळे पार पडल्यावर पहिल्याच लॉगिनला कीबोर्ड पुन्हा मुका होतो.

त्यानंतर नेटवर्क कार्डाची पाळी आली. ड्रायव्हर बसला, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आणि कोड ५२: ड्रायव्हर अस्सल असल्याची खूण असलेली डिजिटल स्वाक्षरी एसएचए-२ या नव्या प्रकारची होती आणि ती तपासण्याची सोय मूळ ६४-बिट विंडोज ७मध्ये नाही. ती देणारे अपडेट, केबी३०३३९२९, इंटरनेटवर होते आणि इंटरनेटसाठी तर कार्ड चालू व्हायला हवे होते. अखेर तेही दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हने आणले.

कार्ड चालू झाले. मात्र सर्वसामान्य वापरकर्त्यांना मिळणारी विंडोज ७ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजीच थांबलेली असल्याने, फायली उघडतात याची खात्री होताच मी नेटवर्कची केबल काढून ठेवली.