काठ न जुळणारी तुळई

रोममधले पहिले दोन दिवस रांगांत आणि पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघण्यात गेले. त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मावशी ट्रॅमने वेरानोच्या दफनभूमीजवळ उतरून सान लोरेन्झो चर्चमध्ये शिरलो आणि दुपारपर्यंत तिथून हललो नाही.

चर्चचा पुढचा भाग तेराव्या शतकातला. मागे, पायऱ्या चढून गेलं की त्याहून जुनं चर्च लागतं. पोप दुसरा पेलागियस (कारकीर्द 579-590) याने हुतात्मा लॉरेन्सच्या (इटालियनमध्ये लोरेन्झो) थडग्यापाशी बांधलेलं. इथली फरशी पुढे उंच केली, त्यामुळे खांबांचे माथे नजरेच्या बरेच जवळ येतात.

"अगं, वर बघ. काठ जुळत नाहीये," मावशी म्हणाली. तिने तीस वर्षं साड्यांना फॉल-बिडिंग केलंय. तिची नजर आधी काठावर जाते.

खांबांवरची संगमरवरी तुळई खरंच एका नक्षीची नव्हती. एका दगडावरची वेल वळण घेता घेता मध्येच तुटते आणि सांध्यापलीकडे वेगळीच नक्षी सुरू होते. सगळे दगड जुन्या रोमन इमारतींमधून काढलेले.

तेवढ्यात शेजारच्या गटाचा गाइड म्हणाला, "हा सगळा लुटीचा माल." मला ते फार लागलं. जुन्या वास्तू मोडल्या गेल्या हे खरं आहे. सम्राट माजोरियनला 458 साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला होता, आणि त्याची कळकळ मला पटते. पण पेलागियसच्या काळापर्यंत शहराची रया गेली होती. 537 साली गॉथ या जर्मानिक टोळीने वेढा घालून पाण्याचे कालवे तोडले, वस्ती ओसरली, मोठमोठ्या इमारती ओस पडल्या. अशा वेळी दूरच्या खाणीतून नवा संगमरवर कोण आणणार?

आणि हातात आलेले दगड नुसते रचून भागणार नव्हतं. या तुळईवर पुन्हा गॅलरीचे खांब उभे आहेत, म्हणजे वेगवेगळ्या इमारतींमधल्या, वेगवेगळ्या मापांच्या दगडांची वरची पातळी एकसारखी आणावीच लागली असणार. ते करणाऱ्या पाथरवटांची नावं कुठेच नाहीत.

दोन खांबांच्या माथ्यांवर तर पानांऐवजी रोमन विजयदेवता आहेत, सोबत जिंकून आणलेली शस्त्रं. हुतात्म्याच्या थडग्याशेजारी मूर्तिपूजकांच्या देवता! कुणी त्यांना छिन्नीने तासून काढून टाकलं नाही. मला त्या सगळ्यात जास्त आवडल्या.

19 जुलै 1943 च्या बॉम्बहल्ल्यात चर्चचा पुढचा भाग कोसळला. तोही नंतर पडलेलेच तुकडे वेचून उभा केला.

दुपारी दार बंद करायची वेळ झाली तेव्हा किल्ल्या घेतलेले गृहस्थ आमच्यापाशी येऊन थांबले. मावशी बोटाने हवेत सांधे मोजत होती. "एक मिनिट हं," ती त्यांना चक्क मराठीत म्हणाली, आणि ते थांबले.