शेतातून तेलाची पाइपलाइन जाते तेव्हा

सोलापूरच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. इथे तेलविहीर खोदायला कुणी येणार नाही, आणि खनिज निघालं तरी ते शेतकऱ्याचं नसतं: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ खनिजांवर शासनाचा हक्क सांगतं. अमेरिकेत जमिनीखालच्या तेलावर मालकाला रॉयल्टी मिळू शकते, आपल्याकडे तो प्रश्नच नाही. आपल्या वाट्याला येते ती तेलाची वाहिनी. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइन थेट सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत येते, आणि अशी वाहिनी ज्या गटातून जाते तिथला हिशेब कायमचा बदलतो.

यासाठी १९६२ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात जमीन संपादन होत नाही, वाहिनी जाते त्या पट्ट्यापुरता फक्त ‘वापराचा हक्क’ घेतला जातो. सातबाऱ्यावर नाव तुमचंच राहतं, इतर हक्कांच्या रकान्यात नोंद चढते. नाव कायम राहिल्यामुळे बरेच जण निर्धास्त होतात, आणि नेमकी तिथेच चूक होते.

या पट्ट्यात, ज्याची रुंदी मोठ्या वाहिनीसाठी बहुतेक १८ मीटर धरतात, आधीचं पीक घ्यायला हरकत नसते. ज्वारी, तूर, कांदा, ऊस चालतो. पण या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे घर किंवा शेड बांधता येत नाही, विहीर, तळं, बंधारा खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या बागायतदाराला याचा अर्थ लगेच कळेल: त्या पट्ट्यात डाळिंब नाही, शेततळं नाही. दोन एकरांच्या तुकड्यातून पट्टा मधोमध तिरका गेला, तर दोन्ही बाजूंना उरलेल्या त्रिकोणांत बागेच्या ओळीही धड बसत नाहीत.

भरपाई किती? वाहिनीसाठी हक्क घेणार असं सरकार जाहीर करतं त्या अधिसूचनेच्या तारखेला जमिनीचा जो बाजारभाव असेल त्याच्या १० टक्के, शिवाय झाडं, उभं पीक आणि इतर मालमत्तेचं नुकसान. समजा तुमच्या शेतातून वाहिनी १०० मीटर जाते. १८ गुणिले १०० म्हणजे १८०० चौरस मीटर, जवळपास १८ गुंठे. एकरी भाव २० लाख धरला तर त्या पट्ट्याची किंमत ९ लाखांच्या आसपास, आणि हातात सुमारे ९० हजार. पुढच्या पिढ्यांनी तिथे बाग लावायची नाही, याची ही किंमत. मला ती फार कमी वाटते, पण कायद्यात आकडा ठरलेला आहे. तेव्हा जोर लावायचा तो दोन ठिकाणी: हरकत आणि पंचनामा.

कलम ३(१) ची अधिसूचना राजपत्रात येते. तिच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या त्या दिवसापासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी हरकत द्यायची. ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहिलं तर ती फेटाळली जाते. गट नंबर, मोजणी नकाशा, विहीर, बोअर, घर यांचं मीटरमधलं अंतर आणि वाहिनी कुठून सरकवता येईल याची रेघ मारलेला नकाशा जोडा. बांधाच्या कडेने न्या, असं नकाशावर दाखवलेलं म्हणणं निदान सुनावणीत टिकतं. राहतं घर, त्याचं आवार आणि पक्कं बांधकाम यांच्याखालून वाहिनी नेता येत नाही, आणि ती एक मीटरपेक्षा कमी खोलीवरही टाकता येत नाही. हे मुद्दे थेट लिहा. अधिसूचनेनंतर घाईने लावलेली झाडं किंवा उभारलेली शेड भरपाईत धरत नाहीत, त्यावर पैसा घालू नका.

आता पंचनामा. तो खोदाईच्या आधी करायचा, स्वतः उभं राहून. झाडांची संख्या आणि वय, ठिबकच्या नळ्यांची लांबी, विहिरीपासून येणारी जमिनीखालची पीव्हीसी लाइन कुठे ओलांडते, बांध, चारी हे सगळं त्यात आलंच पाहिजे. कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करू नका. तारखेसह फोटो ठेवा.

सर्वात मोठं नुकसान मात्र चर बुजवताना होतं. वरची काळी माती वेगळी काढून सर्वात शेवटी परत वर पसरायची असते. घाईत खालचा मुरूम आणि दगड वर येतात, मग त्या पट्ट्यात ज्वारी गुडघ्याएवढीच राहते. यंत्रं फिरून जमीन दबते ती वेगळीच. पहिल्या पावसाळ्यानंतर चरावरची माती खचून लांबट खळगा पडतो, त्यात पाणी साचतं, बांध फुटतो. तेव्हा काम संपल्याच्या कागदावर लगेच सही न देता, एक पावसाळा गेल्यावर पुन्हा पाहणी करून माती भरून द्यावी, असं लेखी मागा. तुटलेली पीव्हीसी लाइन त्यांनी जोडून दिली असली तरी चर बुजवण्याआधी मोटर चालवून बघा, नंतर गळती सापडणं मुश्कील.

रक्कम पटली नाही तर सोलापूरच्या जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. तिथे जवळच्या गटांची खरेदीखतं कामी येतात.

पुढे कधी त्या बाजूला जेसीबी लावायचा असेल, तर आधी पाइपलाइनच्या खुणेच्या पाटीवरच्या नंबरला फोन करा. बकेटच्या दाताने पाइपवरचं आवरण नुसतं खरचटलं तरी तिथून गंज सुरू होतो.