आमची वाटचाल: कागदाआधी खुबा

होटगी रोडला वडिलांचा यंत्रमागाचा शेड होता. माग भंगारात गेले, शेड राहिला. उंच पत्रा, खेळती हवा. 2015 साली तिथंच आमचं लॅब्राडोरचं केनेल सुरू झालं. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही जात पाळायची तर एवढी उंची लागतेच.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "कागद आहेत का ओ?" कागद म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र. त्यावर आई-बाप, आजा-पणजा सगळे असतात. खुबा कसा, डोळे कसे, याबद्दल अवाक्षर नसतं. म्हणून नर-मादी लावण्याआधी आम्ही तपासण्या करू लागलो.

खुब्याचा एक्स-रे दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच पक्का धरतात. कुत्र्याला गुंगी देऊन उताणं निजवायचं, मागचे पाय सरळ ओढून गुडघे आत वळवायचे, मग फोटो. चांगल्या खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत खोल बसलेला दिसतो. वाईट असेल तर खोबण उथळ आणि गोळा अर्धा बाहेर. पाय जरा तिरका राहिला तरी फोटो फसवतो. त्यामुळं आम्ही त्यासाठी पुणं गाठतो.

मादी मात्र वर्षाच्या आत-बाहेरच माजावर येते. केंद्राच्या 2017 च्या नियमांत 18 महिन्यांआधी लावायची नाही असं आहे. आम्ही दोन वर्षं थांबतो. तोवर नुसतं खाऊ घालायचं. धंद्यातले लोक म्हणायचे, "काय ओ मालक, डॉक्टरचं घर भरायलाय का?" भरलंच की. एक देखणी चॉकलेटी मादी खुब्यात नापास झाली. तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून मंगळवेढ्याच्या मावसभावाकडं दिली. वेत एकही घेतलं नाही. शेतावर मजेत आहे.

जनुकीय चाचणीला गालाच्या आतून काडी फिरवली की झालं. डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए आणि जोरात पळताना मागचे पाय लुळे पाडणारा ईआयसी, या दोन गोष्टी आम्ही बघतो. दोन्हींत सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. म्हणून वाहक नर, म्हणजे एकाच बाजूनं सदोष जनुक आलेला, स्वतः आजारी नसणारा, आम्ही बाद करत नाही, निर्दोष मादीलाच लावतो. पिल्लं आजारी निघत नाहीत, काही वाहक असतात. तसं लिहून देतो. दोन वाहक एकत्र आले, तर मात्र सरासरी चारांत एक आजारी.

खुब्याचं गणित इतकं सरळ नाही. अनेक जनुकं, वर खाणं, वजन. आई-बाप पास असूनही पिल्लू लंगडू शकतं, हे पैसे घेण्याआधीच सांगतो. गुटगुटीत दिसावं म्हणून ठासून चारू नका, गुळगुळीत फरशीवर पळवू नका, हेही. काही गिऱ्हाइकं इथूनच परत जातात. जाऊ देत.

सध्या एक काळी मादी माजावर यायच्या बेतात आहे. तिची आणि नराची ब्रुसेलाची, म्हणजे लावताना पसरणाऱ्या आणि गाभ पाडणाऱ्या जंतूची, तपासणी केली आहे, रिपोर्ट यायचाय. सगळं जमलं तरी 63 दिवस गाभण, त्यावर आठ आठवडे पिल्लं आईजवळ. चौकशीचा फोन हे चार महिने धरूनच करा.