बी-चं वांगं तोडायचं नसतं: आसोद्यापासून धडगावपर्यंत चार दिवस

चंपाषष्ठी झाली की खानदेशात वांग्याचे दिवस सुरू होतात. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं भरीत-भाकरीच्या नैवेद्याने पुन्हा ताटात येतं. यंदा त्याच आठवड्यात आम्ही दोघी निघालो: आधी जळगावजवळचं आसोदा, मग यावल तालुक्यातलं बामणोद आणि शेवटी सातपुड्यातलं धडगाव. भरीत खायचं होतंच, पण ज्या घरांत बी अजून घरचंच असतं ती घरं मला पाहायची होती.

जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवट-पांढरं, मोठं आणि बी अगदी कमी. बामणोदच्या एका शेतात बांधाजवळच्या झाडावर देठाला लाल चिंधी बांधलेलं एक वांगं दिसलं, पिवळं पडलेलं. मी सहज हात लावायला गेले, तर शेतातल्या मावशी लगबगीने आल्या. "याले हात नको लावू, पोरी. बी-चं हाये ते."

सगळ्यात निरोगी झाड आधी हेरायचं, त्याचं चांगलं फळ झाडावरच पिकू द्यायचं. पुरतं पिवळं झालं की कापून पाण्यात चोळायचं. तळाला बसलेलं बी ठेवायचं, तरंगणारं टाकायचं. सावलीत वाळवून राखेत मिसळायचं. ज्या वांग्यात बी कमी तेच भरताला उत्तम, त्यामुळे ओंजळभर बियांसाठी कितीतरी उत्तम वांग्यांवर पाणी सोडावं लागतं. हा हिशेब मला मावशींनी सांगितला तेव्हा कळला, आणि त्या रात्रीचं भरीत मी फार हळू खाल्लं. पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर भाजलेलं, मिरची-लसूण आणि कांद्याची पात घालून कुटलेलं, सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी.

धडगावला जायचं तर नंदुरबारपर्यंत रेल्वे आहे, सुरत-भुसावळ मार्गावर. पुढे शहाद्याहून घाट चढायचा. पेट्रोल शहाद्यातच भरा, रोख पैसे ठेवा, फोनच्या रेंजवर विसंबू नका आणि परतीची गाडी पोचल्याबरोबर विचारून घ्या.

तिथल्या एका पावरा आदिवासी घरात चुलीवरच्या बांबूला मक्याची कणसं टांगलेली होती. सालं उलटी ओढून, त्यांचीच गाठ मारून, जोडीजोडीने. पांढरी, पिवळी, काही जांभळट. धुराने काळवंडली होती. त्या धुरामुळेच किडा लागत नाही. धान्य संपलं तरी टांगलेल्या कणसांना कुणी हात लावत नाही, असं घरच्या ताईंनी सांगितलं. पुन्हा तीच गोष्ट: चांगलं ते आधी बाजूला.

बी मागायला जाणार असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. आपल्याकडचं बी न्या, देवाणघेवाण होऊ द्या. वाणाचं नाव त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घ्या, कुणी दिलं आणि कोणत्या जमिनीतलं तेही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क यांच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा, ब्रँडचं नाव न लावता विकायचाही हक्क दिलाय. हे मी दोन्हीकडे सांगितलं, कारण बऱ्याच जणांच्या मनात भीती असते. बी कापडी पिशवीत किंवा कागदी पाकिटात घ्या. मागच्या वर्षी मी ओलसर वाल प्लास्टिकच्या पिशवीत आणले, आठवड्यात बुरशी आली. एका आजीने जपलेला वाण माझ्या हातून गेला, ते अजून मनाला लागतं.

निघताना मी ताईंना बामणोदचं वांग्याचं बी दिलं. त्यांनी ते तळहातावर पसरलं, एकेक दाणा बोटाने सारून पाहिला आणि मगच पदराच्या गाठीत बांधलं. मला पांढऱ्या मक्याची चार कणसं मिळाली. पुढच्या हंगामात आठ परत करायची, असं ठरलंय. माझ्या शेजाऱ्यांकडे हायब्रिड मका असतो आणि मक्याचा पराग वाऱ्यावर लांब जातो. वाणात भेसळ होऊ नये म्हणून लागणारं दोनशे मीटर अंतर माझ्याकडे नाही, म्हणून मी शेजाऱ्यांनंतर तीन आठवड्यांनी पेरणार आहे, म्हणजे दोन्हींचे तुरे एका वेळी येणार नाहीत. चारही कणसांचे मधले दाणे एकत्र करून ठेवलेत, आणि सध्या ती पिशवी चुलीशेजारच्या खुंटीला आहे.